सात ते अकरा

एप्रिल 2021, कोरोनाची दुसरी लाट. दुकानं उघडी फक्त सकाळी सात ते अकरा. या चार तासांत अख्ख्या डोंबिवलीने दूध, भाजी, किराणा, अंडी, पाव सगळं उरकायचं आणि वर अंतरही राखायचं! 20 एप्रिलला हा आदेश काढणाऱ्याने पिशवी घेऊन शेवटचा बाजार कधी केला होता, एवढंच मला विचारायचंय.

अहो, आधी दुकानं रात्री आठपर्यंत उघडी होती ना. आमचे बाबा, वय 74, रोज दुपारी तीनला जायचे. रस्त्यावर कुत्रंही नसायचं. दुकानदार पेंगत असायचा, बाबा त्याला उठवून पाव किलो साखर घ्यायचे, दोघांत चांगलं सहा फूट अंतर, कोणी न सांगता. मी लॅपटॉप मिटून साडेसातला जायचो, तेव्हाही दुकानात दोन-तीन माणसं. आता बाबांचे दुपारवाले, माझे संध्याकाळवाले आणि मुळातले सकाळवाले, सगळे आठ वाजता एकाच फळीसमोर! दुकानं बंद केली म्हणून भूक कमी होते का? माणसं तेवढीच, तास तेवढे कापले. एकीकडे जमावबंदीचं कलम 144 लावायचं आणि दुसरीकडे जमाव स्वतःच जमवायचा.

आज तासभर रांगेत होतो. रांग म्हणजे नावाला. गेल्या वर्षी आखलेले चुन्याचे गोल केव्हाच पुसले गेलेत. मागचा माणूस मास्क हनुवटीला लावून फोनवर साडूला ऑक्सिजनच्या बेडबद्दल ओरडून सांगत होता, थेट माझ्या मानेवर. दुकानदाराने फळीवर प्लास्टिकचा पडदा लावलाय आणि सामान द्यायला त्याला एक भोक पाडलंय. आतल्याला ऐकू जात नाही म्हणून प्रत्येक जण त्या भोकाला तोंड लावून ओरडतो, ‘तूरडाळ एक किलो!’ मग पुढचा त्याच भोकाला तोंड लावतो. घरी येऊन हीच मंडळी दुधाच्या पिशव्या सॅनिटायझरने पुसतात.

‘घरपोच मागवा की, त्याला रात्री आठपर्यंत परवानगी आहे.’ मागवतो की! दुकानातला पोऱ्या गावाला गेलाय. अ‍ॅपवर स्लॉट म्हणे रात्री बाराला उघडतात, बारा वाजून दोन मिनिटांनी संपलेले असतात.

फेब्रुवारीत लोकल सगळ्यांना खुली केली तेव्हाही हीच अक्कल. सातच्या आत जा, नाहीतर बारा ते चार, नाहीतर रात्री नऊनंतर. गर्दी विभागायची हे ठीक, पण ऑफिसं साडेनवालाच भरत होती त्याचं काय? सातच्या आतल्या गाड्यांना ही झुंबड. जाऊ दे, आता तर तीही आपल्यासाठी बंद.

दहा पन्नासला शिट्टी वाजली. पोलीस दिसताच उरलेले वीस-पंचवीस जण एकदम पडद्यावर तुटून पडले, एका बाईंची अंडी खाली. मी त्यातून कसाबसा सुटलो आणि ती सगळी हवा छातीत भरून घरी आलो, ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्या बाबांकडे. त्यांचा लशीचा एकच डोस झालाय. बेसिनवर कोपरापर्यंत साबण लावत होतो, तर आतून बायको म्हणाली, हिंग राहिलं.

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘राहू दे रे, तीनला मी आणतो. तेव्हा गर्दी नसते.’