दुप्पट झाडं लावून देवराई परत येत नाही

आमच्या गावी वाघजाईच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं, पुढे मोठा सभामंडप आणि बाजूला गाड्या लावायला जागा. गाव संगमेश्वर तालुक्यातलं, लहानसं. मुंबईकरांनी वर्गणी हात सैल सोडून दिली आहे आणि आम्हा परदेशातल्यांकडूनही अपेक्षा आहे. इथवर सगळं ठीक. पण देऊळ देवराईत आहे आणि मंडप-पार्किंगसाठी राईतली झाडं तोडावी लागणार आहेत. मी घरच्या ग्रुपवर विरोध केला तेव्हा चुलतभावानं लिहिलं, "एक तोडलं तर दोन लावू. तुमच्या इंग्लंडात बघ की, विकासही आहे आणि हिरवळही. त्यांनी केलं तेच आपण करतोय." खाली अंगठ्यांची रांग लागली.

दादाचा राग आला तो देऊळ बांधतोय म्हणून नाही. त्यानं इंग्लंडला साक्षीला उभं केलं म्हणून आला. मी या देशात राहते, कर भरते, इथल्या जंगलांतून चालते. इथं काय झालं आहे ते मला दिसतं, आणि दादा म्हणतो तसं ते झालेलं नाही.

एप्रिलच्या अखेरीस आम्ही ब्रॅडफील्ड वुड्सला गेलो होतो. केंब्रिजहून बरी सेंट एडमंड्सपर्यंत ए-फोर्टीन हा हमरस्ता आणि मग सफोकचे अरुंद रस्ते. हे रुंद पानांच्या झाडांचं जुनं जंगल आहे: ओक, अॅश, हेझल, फील्ड मेपल, ओलीच्या जागी आल्डर. पाऊस होऊन गेलेला, त्यामुळे वेलीज, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, घालूनही चिखलातून पाय उचलणं जड जात होतं. ओकला नुकती तांबूस पालवी फुटलेली, अॅश अजून उघडाबोडका. जमीन मात्र फुलांनी भरलेली होती. पांढरे वुड अॅनिमोन, फिक्या पिवळ्या ऑक्सलिपचे शेवटचे घोस, मधूनमधून ब्लूबेल. वर झाडांवर पानं दाटली की खाली ऊन पोचत नाही, म्हणून ही फुलं त्याआधीच आपलं वर्ष उरकून घेतात.

या जंगलात लाकूडतोड होते. आजही होते, दर हिवाळ्यात. एक तुकडा निवडतात, हेझल आणि अॅश जमिनीलगत कापतात, मधले मोठे ओक तसेच ठेवतात. पुढच्या वसंतात खोडाच्या बुडातून धुमारे फुटतात आणि वीस-पंचवीस वर्षांनी तो तुकडा पुन्हा तोडीला येतो. हरणांनी कोवळे धुमारे खाऊ नयेत म्हणून तोडलेल्या काटक्यांचीच कुंपणं रचलेली असतात. ब्रॅडफील्डमधल्या या तोडीची लेखी नोंद 1252 सालापासूनची आहे. तेव्हा जंगल बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचं होतं. मठ गेला, राजे बदलले, जवळच्या लिटल वेल्नेटममध्ये या लाकडाचे दाताळ्यांचे दांडे करणारा कारखाना आला. तोड चालूच राहिली. तिथल्या एका अॅशचं बूड हजार वर्षांच्या आसपासचं मानतात. वर दिसणारे फोक माझ्या मुलीपेक्षा लहान आणि खालचं मूळ नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याच्याही आधीचं.

दादा म्हणेल, बघ, तेही तोडतात. तोडतातच. आपल्याकडेही राबासाठी, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायला, ऐन-किंजळाची कवळं तोडायचे. आजोबा भाजावळीच्या दिवसांत झाडावर चढून फांद्या उतरवायचे आणि तेच ऐन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा डवरायचे. तोडण्याला माझा विरोध नाही. मूळ आणि माती जागेवर राहिली तर जंगल राहतं. ब्रॅडफील्डमध्ये पावणेआठशे वर्षं कुऱ्हाड चालली तरी जंगल आहे, कारण बुडाला कुणी हात लावला नाही. सभामंडपाच्या पायासाठी जेसीबी येईल तो बुडालाच हात घालायला येईल.

बुडाला हात घातला की काय होतं, तेही त्याच जंगलाच्या कडेला बघायला मिळतं. 1960 च्या दशकाच्या शेवटी ब्रॅडफील्डचा मोठा भाग मुळांसकट उपटून शेतं केली. 1970 मध्ये निसर्गसंस्थेनं उरलेला भाग विकत घेतला म्हणून वाचला. वाटेनं चालत कडेला आलं की पलीकडे सपाट शेत लागतं. तिथं उद्या झाडं लावली तर झाडं येतील. पण वुड अॅनिमोनचा गालिचा शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट सरकतो. आज लावलेल्या रोपांखाली तो पोचेल तेव्हा ती लावणाऱ्याचं नावही कुणाला आठवणार नाही.

इथं प्राचीन जंगल कशाला म्हणायचं याचा हिशेब ठरलेला आहे. इंग्लंडमध्ये 1600 सालापासून जिथं सलग जंगल आहे ते प्राचीन. अशी जागा आता सगळ्या ब्रिटनच्या भूमीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास उरली आहे. ज्या हिरवळीचे फोटो बघून गावाकडची माणसं हरखतात ती बहुतेक कुरणं आणि गव्हाची शेतं आहेत. इंग्लंडचा जेमतेम दहा टक्के भाग जंगलाखाली आहे, युरोपात हे प्रमाण तळाकडचं समजलं जातं. पहिल्या महायुद्धानंतर लाकडाचा तुटवडा पडला तेव्हा 1919 मध्ये फॉरेस्ट्री कमिशन आलं आणि स्प्रूस-पाइनच्या रांगा लावत सुटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ओकची जुनी राई काढून तिथं सूचिपर्णी लावली गेली. आकडा वाढला, जंगल मेलं. 1985 मध्ये धोरण बदललं आणि आता तेच स्प्रूस काढून मूळची झाडं परत येण्याची वाट बघणं चालू आहे. आपण कोकणात रस्तोरस्ती ऑस्ट्रेलियातला आकेशिया लावला, ती याच वाटेवरची पावलं होती. दादाला इंग्लंडकडून काही घ्यायचंच असेल तर हे घ्यावं.

आणि या देशानं अजूनही सगळं शिकून घेतलेलं नाही. लंडन-बर्मिंगहॅम वेगवान रेल्वेसाठी, एचएस टूसाठी, कितीतरी प्राचीन जंगलांचे लचके तोडले. वॉरिकशरमधल्या कबिंग्टनला अडीचशे वर्षांचं एक रानटी पेअरचं झाड होतं. 2015 मध्ये इंग्लंडमधलं त्या वर्षीचं झाड म्हणून लोकांनी त्याची निवड केली. ऑक्टोबर 2020 मध्ये ते तोडलं. कलमं करून ठेवली आहेत असं सांगितलं गेलं. जंगलाची माती खरवडून दुसरीकडे नेऊन पसरली आणि त्याला जंगल हलवणं म्हटलं. बदली म्हणून लावलेली हजारो रोपं 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याविना वाळून गेली. दुप्पट लावू, दहापट लावू ही भाषा इथल्या कंत्राटदारांचीही आहे. फरक एवढाच की इथं ती ऐकून माणसं जंगलात तंबू ठोकून बसली.

महाराष्ट्रात ती ऐकून आपण टाळ्या वाजवतो याचं मला फार वाईट वाटतं. 2017 पासून तीन वर्षांत 50 कोटी झाडं लावण्याचा संकल्प सरकारनं केला होता: आधी 4 कोटी, मग 13, मग 33. त्याच 2019 मध्ये, ऑक्टोबरमधल्या एका रात्री, न्यायालयानं याचिका फेटाळल्याबरोबर मुंबईतल्या आरेत मेट्रो कारशेडसाठी करवती सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. तेव्हाही बदली झाडांचे आकडे सांगितले गेले. मोजता येतं ते आपल्याला खरं वाटतं. रोपं मोजता येतात.

आमची देवराई मोजायची कशी? तिथं सातवीण आहे, बेहडा आहे, काजरा, जांभूळ, सीताअशोक आहे. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या आहेत, त्यांच्या हातभर शेंगा आम्ही पोरं गोळा करायचो. बेहड्याच्या ढोलीत ककणेराची, म्हणजे धनेशाची, जोडी घरटं करायची. ढोली जुन्या, मोठ्या झाडालाच पडते. दादा लावणार ती रोपं ढोली पडण्याजोगी होईपर्यंत तो पक्षी कुठं जाणार? राईच्या खालच्या अंगाला झरा आहे. मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की निम्मी वाडी त्या झऱ्यावर यायची. आत जाताना चप्पल बाहेर काढायची, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल शास्त्राच्या भाषेत मांडलं. आमच्या आजीला ते वाघजाईच्या धाकानं ठाऊक होतं. ब्रॅडफील्ड टिकवायला इंग्रजांना मठाच्या वह्या, कायदे आणि वर्गण्या लागल्या. आपल्याकडे ती राई फुकट सांभाळली गेली, पिढ्यान्‌पिढ्या, आणि आता आपणच वर्गणी काढून ती तोडतो आहोत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, आलंही. "तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. तू पावसात देवळात येतेस का? गळकं छप्पर आम्ही बघतो." हे मला लागलं. गळकं छप्पर खरं आहे. पालखीच्या वेळी माणसं उन्हात उभी असतात हेही खरं आहे. मी गावी जाते ती पाहुणी म्हणून, देवीची ओटी भरते, दोन दिवस राहते, निघते. सफोकच्या त्या जंगलासाठी मात्र दर महिन्याला माझ्या खात्यातून डायरेक्ट डेबिट जातो. तिथं फिरताना कुणी मला विचारत नाही की तू कोणाची, इथं तुझा काय हक्क. समोरून येणारी माणसं कुत्र्याला जवळ ओढून मॉर्निंग म्हणतात आणि पुढे जातात. मला तिथं बरं वाटतं. आणि त्या बरं वाटण्यात गावच्या राईबद्दलचा हेवाही असतो, की हे असं शांत, राखलेलं, फलकावर 1252 लिहिलेलं भाग्य तिच्या वाट्याला का नाही. ब्रॅडफील्डमध्ये माझं कुणी पुरलेलं नाही. तिथल्या एकाही फुलाचं नाव मला आईनं शिकवलेलं नाही. तरी ते जंगल उद्या माझ्याशिवाय नीट राहील अशी खात्री मला आहे, आणि म्हणूनच बहुधा मी तिथं इतकी निर्धास्त असते.

गावच्या राईबाबत ती खात्री नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीला आमच्या गावकीत बोलायची रीत नाही, आणि मी तर समुद्रापलीकडे गेलेली. पण राईची जमीन आमच्या भावकीच्या सामाईक सातबाऱ्यावर आहे आणि बाबांच्या मागे तिथं माझं नाव लागलं आहे. झाडं तोडायच्या अर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती हवी म्हणून दादानं संमतीपत्र पाठवलं आहे. सही करून, स्कॅन करून पाठव, एवढंच लिहिलं आहे.

मी सही करणार नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं आहे आणि काकांना फोन करूनही सांगितलं. देवळाची दुरुस्ती, नवे वासे, नवी कौलं, पालखीसाठी पावसाळ्यात काढून ठेवता येईल असा मांडव, या सगळ्याला माझा वाटा मी ठरल्यापेक्षा जास्त देईन. गाड्यांना जागा रस्त्यालगतच्या आमच्या पडीक वरकसात द्यायलाही तयार आहे. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गणपतीत गावकी बसेल. तेव्हा ये आणि सगळ्यांसमोर सांग. फोनवरून अडवलंस तर गाव तुला कधी माफ करणार नाही." मला ते पटलं. रजेचा अर्ज दिला आहे, आणि माझ्या हिश्शाच्या उताऱ्याची ताजी प्रत मागवून घेतली आहे.