पोरांसाठीच आहे ना, मग चालतंय की

सकाळपासून डोकं फिरलंय आणि कारण सांगितलं तर हसाल. एक पिक्चर. तोही धड भयंकर वाईट नाही, मध्यम. काल रात्री भाचीबरोबर बसून बघितला, आज एका मैत्रिणीकडे फोनवर त्याबद्दल कुरकुर केली तर म्हणते कशी, "अगं टीनएज हॉरर आहे तो, असले पिक्चर पोरांसाठीच असतात, तू काय एवढं मनावर घेतेस!" फोन ठेवला तेव्हापासून मनातल्या मनात तिच्याशी भांडतेय. आता इथे भांडते.

पोरांसाठी आहे म्हणजे काय? म्हणजे कसाही उरकला तरी चालतो?

नाव मुद्दाम देत नाही, दिलं तरी फरक पडणार नाही, हाच पिक्चर तुम्ही वेगवेगळ्या पोस्टरखाली कितीदा तरी बघितलाय. वडील वारलेत, आई दोन मुलांना घेऊन नवीन घरात राहायला येते, घर जुनं, अवाढव्य आणि संशय यावा इतकं स्वस्त. धाकटा भाऊ पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात कुणाशी तरी बोलतोय. मोठी सोळा वर्षांची, तिला लगेच मित्र मिळतात, एक जोक मारणारा (हा पहिला जाणार), एक चष्मेवाली जिला जगातलं सगळं गूढ ज्ञान तोंडपाठ आहे, आणि एक देखणा मुलगा ज्याला काहीच येत नाही. माळ्यावर पेटी. पेटीत जुनी व्हिडिओ कॅसेट, आणि ती चालवायचा प्लेयरही त्याच माळ्यावर, धूळ खात पण चालू! मोबाईलला रेंज नाही. सगळं घर निळं, भर दुपारीही निळं, आणि लाइट लावावा असं कुणाच्या बापाला सुचत नाही.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, खरंच. असले पिक्चर बघायला मला आवडतात. मी आणि भाची टिंगल करत बघत होतो, तिचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं.

पण त्यात एक सीन आहे.

पहिलीच रात्र. सामान घेऊन तिघं अंधारात घरात शिरतात. मुलगी मोबाईलचा टॉर्च लावायला खिसे चाचपतेय. आई तशीच पुढे जाते, चार पावलं, उजवीकडे वळते, दाराच्या मागे हात घालते आणि लाइट लावते. स्विच दाराच्या मागे आहे, नवख्या माणसाला दिवसाउजेडी सापडणार नाही अशा जागी. मुलगी आईकडे बघते. आई बॅग उचलून आत जाते. म्युझिक नाही, कुणी किंचाळत नाही, काही नाही.

भाचीने फोन बाजूला ठेवला. "मावशी, हिला कसं माहीत?"

तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर काटा आला. कारण भीती तिथे आहे हो! आई या घरात आधी राहिलीय आणि पोरांना बोललेली नाही. जिच्या भरवशावर तुम्ही अंधारात शिरलात तिलाच काहीतरी ठाऊक आहे आणि ती गप्प आहे. यावर अख्खा पिक्चर उभा राहिला असता.

पुढे काय केलं असेल त्यांनी? काही नाही. विसरले. तासाभराने गाडीत बसल्या बसल्या आई एका वाक्यात सांगून टाकते की मी लहानपणी इथेच राहायचे, माझी एक बहीण होती, आणि मुलगी "काय!" म्हणेपर्यंत मागच्या सीटवर धाडकन भूत. झालं. संपला विषय. त्यानंतर शेवटपर्यंत पळापळ, आरसे फुटणं, आणि शेवटी घराला आग, कारण घराचं काय करायचं हे लिहिणाऱ्याला सुचलं नाही की घर जाळतात.

आता मला हे इतकं का लागलं ते सांगते, म्हणजे मैत्रिणीलाही कळेल.

आमच्या आजीच्या घरात मधल्या खोलीच्या दाराची जी लाकडी चौकट होती तिच्यावर पोरांच्या उंचीच्या खाचा होत्या, चाकूने मारलेल्या. बाबांच्या, मोठ्या काकांच्या, आत्याच्या. प्रत्येक ओळीच्या वर नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. वरून कितीतरी वेळा तपकिरी ऑइलपेंट फासलेला होता पण बोट फिरवलं की खाचा लागायच्या. आणि आम्हा पोरांना शोध असा लागला की ओळी तीन नाहीत, चार आहेत. चौथी ओळ दोनच खाचांची, माझ्या कमरेच्या जरा वर येऊन थांबलेली. आणि तिच्यावरचं अक्षर लांबी भरून गुळगुळीत केलेलं. बोटाला फक्त थोडा खोलगट भाग लागायचा.

आजीला विचारलं, ही कुणाची? आजी म्हणाली, सुताराने माप घेतलं असेल. आणि आम्हाला बाहेर खेळायला पाठवलं.

बस, एवढंच. ना काही आवाज आला ना सावली दिसली. पण त्यानंतर संध्याकाळी त्या दारातून एकटी जायची माझी छाती नव्हती. भूत आहे असं वाटायचं म्हणून नाही, आजी खोटं बोलली हे कळलं होतं म्हणून. मी सात-आठ वर्षांची असेन, मला शब्दांत सांगता आलं नसतं, पण पोरांना कळतं. मोठी माणसं कुठल्या प्रश्नाला घाईने उत्तर देतात हे पोरांइतकं कुणालाच कळत नाही.

आणि हे पिक्चरवाले म्हणतात पोरांना फक्त दचकवा.

दचकवण्याची पण गंमत आहे बघा. १९४२ साली 'कॅट पीपल' नावाचा पिक्चर आला, त्यात एक बाई रात्री रस्त्याने एकटी चाललीय, मागे कुणीतरी आहे असं तिला वाटतंय, टाचांचे आवाज, मग आवाजही थांबतात, ती पावलं उचलते, आपण श्वास धरून बसलेलो, आणि फिस्स करून एकदम बस येऊन थांबते. साधी प्रवासी बस! वॅल ल्यूटन हा निर्माता, त्याच्या नावावरून या युक्तीला 'ल्यूटन बस'च म्हणायला लागले. तेव्हापासून आजपर्यंत सगळे तीच बस चालवतायत. मांजर उडी मारतं, मित्र खांद्यावर हात ठेवतो, फ्रिजचं दार बंद केलं की मागे कुणीतरी उभं. पण त्या बसच्या आधी जो अंधारातला रस्ता होता, जे चालणं होतं, ते यांनी कापून टाकलं आणि नुसती बस ठेवली. मोठा आवाज झाला की तान्हं बाळसुद्धा दचकतं, त्यात दिग्दर्शकाची काय करामत? कानाशी फटाका लावायचा आणि म्हणायचं बघा कसा घाबरवला!

बरं, मान्य, दचकायला मजा येते. ग्रुपने बघताना तर येतेच, कालही एकदा दोघी मिळून ओरडलो. मान्य.

पण मैत्रीण पुढे म्हणाली, बजेट नसतं गं यांच्याकडे. हे ऐकून तर मी फोनवरच तडकले. १९७८ चा 'हॅलोविन' सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास बनला, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबात चिल्लर. खुन्याचा मुखवटा कसला तर 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा, वरून पांढरा रंग मारलेला. म्युझिक दिग्दर्शकाने, जॉन कार्पेंटरने, स्वतःच केलं. आणि त्यात काय आहे? पोरी शाळेतून घरी चालत येतात, दिवसाउजेडी, पुस्तकांबद्दल मुलांबद्दल फालतू गप्पा मारत, आणि पुढे झुडपापाशी कुणीतरी उभं आहे. पोरींना बोलू दिलंय त्यात! त्या कोण आहेत ते आपल्याला कळतं, म्हणून पुढे त्यांचं काय होईल याचा घोर लागतो. कालच्या पिक्चरमधल्या त्या जोकरचं नाव मला आत्ता आठवत नाहीये, आणि त्याला तर भिंतीने गिळलं!

का तर म्हणे रेटिंगमुळे काही दाखवता येत नाही. ही पीजी-१३ भानगड (तेरा वर्षांखालच्या पोरांना दाखवायचा तर आईबापांनी जपून, असा पिक्चरवरचा शिक्का) अमेरिकेत १९८४ साली आली, आणि तेव्हापासून टीनएज हॉररवाले तिच्या मागे लपतात, रक्त दाखवायची बंदी म्हणून आमचा पिक्चर मिळमिळीत. अहो, २००१ चा 'द अदर्स' पीजी-१३च आहे. एक आई, दोन मुलं, पडदे ओढलेलं घर, रक्ताचा थेंब नाही, आणि तरी बघितल्यानंतर आठवडाभर पडदे बंद करवत नाहीत. त्या घराचं रहस्य कुणापाशी आहे हे ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, मी बोलणार नाही. १९६३ चा 'द हाँटिंग' तर भूत दाखवतच नाही, बंद दार आतल्या बाजूला फुगतं एवढंच दिसतं. लाकडी दार, बाकी काही नाही!

घरातलं रहस्य हे घरातल्या माणसांचं असतं हो. कुणीतरी ते सांभाळत असतं, रोज, जेवताना, झोपताना, पोरांची डोकी पुसताना. भुताला कसलं आलंय रहस्य, ते बिचारं तर सगळं सांगायलाच बसलेलं असतं, कॅसेट काय, आरशावर लिहिणं काय. लपवणारी आई आहे. आणि पिक्चरवाल्यांनी आईलाच तिसऱ्या अंकात बेशुद्ध पाडून जिन्याखाली टाकून दिलं, म्हणजे मुलीला तिला काही विचारायलाच नको.

आजीच्या त्या चौथ्या ओळीचं काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्हीच विचाराल. आजी गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आत्या बोलता बोलता बोलून गेली. आजीला चार मुलं. तिसरा मुलगा लहान असतानाच तिने आपल्या धाकट्या बहिणीला दिला, तिला मूल नव्हतं. आम्ही त्यांना ओळखत होतो! बाबांचे मावसभाऊ म्हणून घरी यायचे, आम्ही काका म्हणायचो, उंच, कमी बोलणारे. आले की आत येऊन बसायचेच नाहीत लवकर, मधल्या खोलीच्या दारात चौकटीला हात लावून उभे राहायचे आणि तिथूनच आजीशी बोलायचे. आम्हाला वाटायचं लाजतात. आजी त्यांना "बसा" म्हणायची. बसा. स्वतःच्या पोराला अहो-जाहो.

त्यांना माहीत होतं का हे आत्यालाही ठाऊक नाही. दोन खाचांच्या वयात माणसाला काय आठवतं?

हे लिहिताना राग जरा उतरलाय माझा. आजीवर तर कधीच नव्हता, तिने कुणाचं वाईट केलं नाही, बहिणीचं घर भरलं, आणि मग आयुष्यभर त्या दारातून ये-जा करत राहिली. अक्षर कुणी बुजवलं, तिने स्वतः की आजोबांनी, तेही आता कुणी सांगायला नाही. तो स्विचवाला सीन लिहिणाऱ्याच्या घरातही अशी काहीतरी चौकट असणार, असं मला उगाच वाटतंय. नाहीतर इतकं नेमकं सुचत नाही. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं असेल, हे ठीक आहे, पण पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी अंगावर यायला पाहिजे, पोरं चॅनेल बदलतात. आणि त्याने खाली मान घालून फ्रिजच्या मागे भूत लिहिलं असेल. त्याची दया येते मला.

पण मीटिंगमधल्या त्या माणसाची येत नाही! पोरं चॅनेल बदलतात म्हणे. काल माझ्या शेजारी पंधरा वर्षांची पोर बसली होती, जिने भूत आल्यावर फोन उचलला आणि आईने लाइट लावल्यावर खाली ठेवला. तिला काय बघायचंय ते तिने दाखवलं, बघणारं कुणी नव्हतं. पिक्चर संपल्यावर तिचा पहिला प्रश्न काय होता माहितीये? "पण त्या बहिणीबद्दल आईने आधी का नाही सांगितलं?" पिक्चरकडे उत्तर नव्हतं. पिक्चरला तो प्रश्न आहे हेच माहीत नव्हतं. वर शेवटच्या सेकंदाला जळक्या घरातून एक हात बाहेर येतो, म्हणजे दुसरा भाग काढायची तयारी आहे साहेबांची.

तर मैत्रिणी, हे वाचतेयस हे मला माहितीये. पोरांसाठी असतात म्हणून सोडून द्यायचं, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. भुताच्या मेकअपला नावं ठेव, मी तुझ्या बाजूने आहे, तो मेकअप खरोखर हास्यास्पद होता.

बाकीच्यांना बघायचाच असेल तर सुरुवातीचा अर्धा तास बघा, स्विचचा सीन होऊ द्या आणि बंद करून झोपा. नाव हवं असेल तर मेसेज करा. स्पॉयलर दिले म्हणून भांडायला येऊ नका, त्या पिक्चरमध्ये नासायला काही उरलेलं नाही.