नौपाड्याच्या काकांना उत्तर

नमस्कार काका (प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘नौपाडा, वय 71’ असं लिहिलंय, म्हणून काका).

विशीच्या आतल्या मुलांच्या वजनाच्या शस्त्रक्रियेवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं असं, की आईबापांना पोरांचं खाणं आवरता येत नाही म्हणून त्यांची पोटं कापतात, हा सगळा घोडबंदर रोडवरच्या होर्डिंगवाल्यांचा धंदा आहे, आणि तुमचा नातू तलावपाळीला फेऱ्या मारून सहा किलो उतरला, मग इतरांना काय धाड भरलीय.

होर्डिंगबद्दल आपलं भांडणच नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो लावून ऑपरेशन विकणं मलाही ओंगळ वाटतं.

पण ‘आवरता येत नाही’ हे मान्य नाही. मी आहारतज्ज्ञ, माझं पोटच ‘खाणं आवरा’ सांगण्यावर चालतं. माझ्याकडे एक सोळा वर्षांचा मुलगा यायचा. भर सकाळी अकराला बाकावर बसल्या बसल्या घोरायला लागायचा, आई कोपराने ढोसून उठवायची. रात्री झोपेत श्वास अडकायचा, म्हणून दिवसा ही गत. मान काळीकुट्ट. मळ समजून आईने ती बेसन लावून इतकी घासली होती, की साल निघालं होतं. तो मळ नव्हता, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण होती. साखर तर वाढलेलीच. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) चाळिशीपार गेलेलं असं शरीर वजन उतरायला लागलं की भूक वाढवून ते परत मिळवायला बघतं. ‘स्लीव्ह’ या वजनाच्या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात. त्याबरोबर भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक बनवणारा बराचसा भागही जातो. नुसतं ‘पोट लहान केलं’ इतकंच ते नसतं.

अमेरिकेतल्या ‘टीन-लॅब्ज’ या अभ्यासातल्या, विशीच्या आत वजनाची शस्त्रक्रिया झालेल्या 260 जणांचे दहा वर्षांचे निष्कर्ष 2024 साली आले. दहा वर्षांनीही बीएमआय सरासरी 20 टक्क्यांनी कमी होता, आणि ज्यांना आधी टाइप 2 मधुमेह होता त्यांतल्या 55 टक्क्यांचा तो मागे हटलेला होता. त्याच अभ्यासात तिसऱ्या वर्षी 57 टक्के मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा कमी निघाला होता, हेही सांगायलाच हवं.

खरं तर तुम्ही इथे पकडायला हवं होतं मला. लोह, बी12, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या जन्मभर. घरी आई डबीतून काढून हातावर ठेवते. पोरगं पुण्याला होस्टेलवर गेलं की डबी कपाटात आणि पोरगं मित्रांबरोबर. त्यात या शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. हे सोळाव्या वर्षी समजावून सांगायचं की नाही? मी सांगते, आईसमोरच सांगते.

आणि खरा राग यायचाच असेल तर तो लग्नाआधी घाईने ऑपरेशन करून घेणाऱ्यांचा येऊ द्या. बीएमआय 26, आजार कुठलाच नाही, पण स्थळ चांगलं आलंय! अशांना मी सरळ परत पाठवते. जिला खरंच गरज असते तिच्याही घरी एक गोष्ट कुणी विचारत नाही: ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गरोदर राहू नको, असं डॉक्टर सांगतात. पीसीओडी (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर वजन उतरल्यावर पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते. आता हे सासरी कोण सांगणार? बहुतेक वेळा कुणीच नाही.

पैशांचंही ऐका. आपल्याकडच्या विम्याच्या नियमात ही शस्त्रक्रिया 18 वर्षं पूर्ण झाल्यावरच बसते, तीही बीएमआय 40 असेल, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार असेल तर. म्हणून ज्याला सोळाव्या वर्षी गरज आहे त्याचे आईबाप वाढदिवसाची वाट बघत बसतात, आणि तोवर मधुमेह मुरतो.

तुमच्या नातवाचं मनापासून कौतुक. फेऱ्या चालूच ठेवा, त्याला ऑपरेशन सुचवायला मी काही वेडी नाही. फक्त मान काळी पडली असेल किंवा रात्री जोरात घोरत असेल, तर एकदा उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर तपासून घ्या. रिपोर्ट आले की इथेच लिहा, मी बघते.