निअर मिस म्हणजे कोण बाई?

रात्री पावणेअकराला ग्रुपवर परिपत्रक पडलं. उद्यान विभागाच्या सर्व कायम आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य, सुरक्षा व जोखीम प्रतिबंध प्रशिक्षण, उद्या सकाळी दहा वाजता, गैरहजर राहिल्यास कारवाई. खाली लगेच चौदा अंगठे आले, त्यातले निम्मे तरी झोपेत दाबलेले असणार, कारण सकाळी सातला बिगाऱ्यांचे फोन सुरू, मुकादम आज कसली कारवाई आहे म्हणे?

तर मी महापालिकेच्या एका बागेचा मुकादम. बागेत दोन गुलमोहर, एक रेन ट्री, घसरगुंड्या, ओपन जिम, आणि रोज पहाटे साडेपाचला गेट हलवणारे ज्येष्ठ नागरिक. ट्रेनिंग होतं भांडारगृहाच्या वरच्या हॉलमध्ये. वर पत्रा, मे महिना, पंखा एक आणि तो पण फक्त मान हलवणारा. ट्रेनर सर तरुण, टाय लावून आलेले. पहिलीच स्लाइड उष्माघाताची. दुपारी १२ ते ४ उन्हातली कामं टाळा, सावलीत थांबा, थोडं थोडं पाणी पीत राहा. ट्रेनिंगची वेळ १० ते ४, पत्र्याखाली. साडेबाराला सरांचा टाय खिशात गेला आणि एकला त्यांना आम्हीच ओआरएस पाजलं, प्रात्यक्षिक म्हणून फोटो पण काढला.

मग आलं हझार्ड आणि रिस्क. सर म्हणाले, यात फरक काय सांगा बघू. सगळे छताकडे. आमच्या झाडलोटीच्या मावशी, बावीस वर्षं त्याच बागेत, त्या पदर खोचत म्हणाल्या, "सर, ती दोन नंबरच्या गुलमोहराची वाळकी फांदी हाय ना, ती हझार. आन् तिच्याखाली हास्यक्लबवाले रोज हात वर करून हाहाहा करत्यात, ती रिक्स." सर दोन मिनिटं गप्प. पुढच्या तीन स्लाइड त्यांनी न वाचताच पुढे ढकलल्या, सगळं सांगून झालं होतं.

(हास्यक्लब म्हणजे साधी गोष्ट नाही बरं का. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन पहिला क्लब काढला तो बागेतच. तेव्हापासून बागेच्या माळ्याला सकाळी हसू येत नाही.)

त्यानंतर एक त्रिकोण दाखवला. सगळ्यात वर धोकाच काढून टाका, मग त्याच्या जागी कमी धोक्याचं काहीतरी आणा, मग जाळी-कठडा लावा, मग नियम-पाट्या, आणि हे सगळं करून भागलं नाही तर सगळ्यात खाली हेल्मेट, हातमोजे, गमबूट. आमच्याकडे हा त्रिकोण उलटा आहे. आमच्याकडे आधी गमबूट येतात कारण गमबुटाचं टेंडर निघतं. धोका काढून टाकायचं टेंडर कोण भरणार? गमबूट आले ते पण सगळे नऊ नंबर. मावशींचा पाय चार नंबर. त्या बुटात त्यांनी सदाफुली लावलीय, मस्त आलीय.

मी हात वर करून विचारलं, सर, धोका काढायचा म्हणजे फांदी काढायची, पण झाडाला हात लावायचा तर १९७५ चा वृक्ष कायदा, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, ती आली तर शिडीची गाडी, ती आली तर ड्रायव्हर, आणि मे महिन्यात सगळी गाडी पावसाळापूर्व छाटणीला मोठ्या रस्त्यांवर, आमच्या बागेचा नंबर पाऊस संपल्यावर. सर म्हणाले, गुड क्वेश्चन. लंच ब्रेक झाला.

जेवणानंतर फवारणीच्या औषधांच्या डब्यावरचे त्रिकोण. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. एक बिगारी आत्मविश्वासाने म्हणाला, हिरवा म्हणजे शाकाहारी. सगळे हसले, खरं सांगायचं तर मी पण आत्तापर्यंत जवळपास तसंच समजून चाललो होतो. सरांनी सांगितलं, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायचं नाही, फवारून झाल्यावर तंबाखू मळण्याआधी हात साबणाने धुवायचे. मागच्या बाकावर आमचा यवतमाळकडचा पोरगा बसलेला, कधी न बोलणारा, तो हळूच म्हणाला, "सतरा साली आमच्याकडं कापसावर फवारताना लई लोक गेले." २०१७ मध्ये त्या एका जिल्ह्यात विसाच्या वर माणसं गेली होती फवारणीच्या विषबाधेने. कोणी काही बोललं नाही. पंख्याने दोनदा मान हलवली. मग त्या शाकाहारीवाल्याने स्वतःच उठून हिरवा त्रिकोण वहीत काढला आणि खाली लिहिलं, हा पण विषच.

साप पटकन उरकला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार लक्षात ठेवा, चावलं तर ब्लेड मारू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. वॉचमन काकांनी गावच्या मंत्रवाल्याचा नंबर द्यायची तयारी दाखवली, सरांनी नको म्हटलं, काका रुसले.

रुसवा निघाला सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायच्या धड्याला. खाली रबराचा अर्धा माणूस ठेवलेला. छातीच्या मधोमध दाबायचं, निदान पाच सेंटीमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, तीस दाबले की दोन श्वास. आमच्यातला एक जण म्हणे, याला पायच नाहीत, वाचून करणार काय हा? ताल कोणालाच सापडेना. कोणी हातपंप मारल्यासारखं करतंय, कोणी कणीक तिंबल्यासारखं. मग तेच वॉचमन काका, माळकरी माणूस, पुढे आले, गुडघ्यावर बसले, डोळे मिटले आणि ज्ञानबा-तुकाराम म्हणत असे काही दाबायला लागले की सरांच्या मोबाइलमधलं मीटर ११० वर जाऊन बसलं. तीस झाले, सर म्हणाले आता श्वास द्या, पण काका आता थांबतायत कशाला, ते वाखरीच्या पुढे निघून गेले होते.

शेवटचा विषय निअर मिस. मावशींनी विचारलं, "ह्या कोण बाई?" बाई नाही, थोडक्यात वाचणं. अपघात होता होता राहिला तर तो वहीत लिहायचा. हाइनरिक नावाच्या अमेरिकन माणसाने १९३१ मध्ये हिशोब मांडला होता की एका मोठ्या अपघातामागे २९ बारीक अपघात आणि ३०० वेळा थोडक्यात वाचलेलं असतं. पुढे लोकांनी त्याचे आकडे खोडून काढले म्हणे, पण स्लाइडवर अजून आहेत. "म्हंजी तीनशे वेळा माफी," मावशी म्हणाल्या, "मग आपलं दोनशे नव्व्याण्णव तरी झालं असल." रजिस्टर माझ्या नावावर दिलं. सही घेऊन.

पहिले चार दिवस रजिस्टर कोरं, कारण लिहिलं की चौकशी हे आमच्या रक्तात आहे. मग वरून मेसेज आला, कोरं रजिस्टर म्हणजे तुम्ही लक्ष देत नाही, कारणे दाखवा. मग मी सगळ्यांना सांगितलं, जो दिसेल तो धोका लिहा, मागे-पुढे बघू नका. तेवढीच चूक झाली. महिन्याची वही अशी:

"ता. ३. झोपाळ्याचा हूक झिजून दोऱ्याएवढा राहिला. झोपाळा बांधून ठेवला. हूक स्टोअरला नाही. दोरा पण नाही."

"ता. ५. आज साप निघाला नाही."

"ता. ८. पंचाहत्तरीचे आजोबा घसरगुंडीवर चढले. उतरायला तयार नव्हते. नातू खाली रडत होता."

"ता. ११. साहेब येणार होते. आले नाहीत."

"ता. १४. दोन नंबर गुलमोहराची फांदी. अजून आहे."

ता. १५, १६, १७ ला पण तेच. फांदी अजून आहे, फांदी अजून आहे.

याच दिवसांत मावशींनी वेगळंच आरंभलं. एरवी त्या साडेपाचला गेटपासून झाडत येतात. आता थेट दोन नंबर गुलमोहराखाली, ते पण हास्यक्लब जमायच्या वेळेला, आणि पाणी न शिंपडता खराट्याने असा धुरळा उडवायचा की हाहाहा करायला तोंड उघडलं की आत माती. क्लबवाले खोकत खोकत तीन दिवसांत रेन ट्रीकडे सरकले. जाताना ॲपवर तक्रार टाकून गेले, फोटोसकट. सफाई कर्मचारी महिलेची उद्धट वागणूक, ज्येष्ठांच्या आरोग्याशी खेळ.

जूनचा पहिला पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, वारा नाही काही नाही, ती फांदी खाली आली. खालचा सिमेंटचा बाक मधोमध दोन तुकडे. रेन ट्रीखाली हाहाहा चालू होतं ते मध्येच थांबलं.

मग मात्र साहेब आले, खरेच आले. फांदीसोबत फोटो काढला, रजिस्टर मागितलं. ता. १४ ते १७ च्या नोंदी वाचून मान डोलावली, पाठपुरावा चांगला आहे म्हणाले. मग एक पान मागे उलटलं. अकरा तारखेवर बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. "हे कोणी लिहिलं?" अक्षर कोणाचं हे सगळ्यांना माहिती, चौदा माणसं आकाशाकडे बघायला लागली, जणू दुसरी फांदी येतेय. साहेबांनी खिशातून पेन काढलं, नोंदीखाली "पाहिले" लिहून सही केली आणि निघून गेले.

ॲपवरची तक्रार मात्र अजून उघडी आहे. सात दिवसांत खुलासा द्यायचाय, धूळ का उडवली. काल मी मावशींना समोर बसवून कागद घेतला, म्हटलं खरं लिहू या, फांदीचं, माणसं हलवायची होती ते, सगळं.

"नगा मुकादम," मावशी म्हणाल्या. "फांदी माहीत हुती तर काढली का न्हाई, म्हणून तुमालाच धरत्याल. लिवा, केर हुता."