साठीनंतरचा एमआरआय आणि स्मरणशक्ती : एक खुलासा

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘साठी ओलांडली की मेंदूचा एमआरआय करून घ्या, स्मृतिभ्रंश होणार की नाही ते आधीच कळतं.’ हे खरं नाही.

संशोधनात स्कॅन वापरतात, एवढं बरोबर. नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, उतारवयात दरवर्षी साधारण १ ते २ टक्के आक्रसतो, हे अशाच अभ्यासांतून समजलं. फंक्शनल एमआरआय तर रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवतो. काही आठवताना तरुणांत मेंदूच्या पुढच्या भागाची मुख्यतः एकच बाजू राबते, तर बऱ्याच वयस्कांत दोन्ही. ही झीज भरून काढायची धडपड असावी, असं अनेक संशोधक मानतात. मला हे फार मोलाचं वाटतं. पण हे सगळे निष्कर्ष अनेकांच्या सरासरीचे. तुमच्या एकट्याच्या फिल्मवरून उद्याचं भाकीत करता येत नाही.

रिपोर्टात ‘वयोमानानुसार मेंदूचं आकुंचन’ अशा अर्थाची ओळ दिसली की घरचे हबकतात. ते स्मृतिभ्रंशाचं निदान नव्हे.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि महाद्वार रोडवरून रोजची घरची वाट न सापडणं वेगळं. दुसरं घडत असेल तर टाळाटाळ नको, डॉक्टरांना दाखवा. ते स्मरणशक्तीची चाचणी घेतील, बी-१२ आणि थायरॉईड तपासतील. गाठ किंवा रक्तस्राव नाही ना हे पाहायला एमआरआय लागलाच, तर तेच लिहून देतील. पेसमेकर असेल तर आधी सांगा.