‘चर्च घुसखोरांना लपवतात’ म्हणे: मावशीला आलेल्या फॉरवर्डबद्दल

गेल्या रविवारी कोल्हापूरहून मावशीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "तू त्या चर्चवाल्यांबरोबर कोर्टात जायचं बंद कर बाई. तुझं ग्रीन कार्ड काढून घेतील." कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, ‘अमेरिकेतील भारतीयांनो, सावध व्हा!’ संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपांवर आला. त्यातला एक ग्रुप तर इथल्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचा, म्हणजे ज्यांना गाडी काढून स्वतः जाऊन बघता येईल अशांचा.

इमिग्रेशन कोर्टात ज्यांची तारीख असते त्यांच्याबरोबर मी चर्च-मशिदींतल्या लोकांसोबत जाऊन बसते. मी नागरिक होऊन सहा वर्षं झाली, हे मावशी भीतीपोटी विसरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. त्या रात्री तिला झोप लागली नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं. अमेरिकेत चर्च, मशिदी आणि ज्यूंची सिनेगॉग एकत्र येऊन बेकायदा घुसलेल्या गुन्हेगारांना लपवतात. प्रार्थनास्थळात पोलीस शिरू शकत नाहीत, त्याचा फायदा घेतात. या कामासाठी सरकारकडून कोट्यवधी डॉलर लाटतात आणि आलेल्यांचं धर्मांतर करतात. ‘लोकशाही वाचवा’ हा नुसता मुखवटा. आणि शेवटी ठळक अक्षरांत: हिंदूंचा, कायदेशीर मार्गाने गेलेल्या भारतीयांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

पोलिसांचं आधी. प्रार्थनास्थळात शिरता येत नाही असा कायदा इथे कधीच नव्हता. २०११ पासून एक धोरण होतं: शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं इथे इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी शक्यतो कारवाई करू नये. तेही २० जानेवारी २०२५ ला सरकारने रद्द केलं. सात दिवसांत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मेरीलँडच्या फेडरल कोर्टात दावा लावला. क्वेकर म्हणजे तासभर गप्प बसून प्रार्थना करणारी माणसं. पुढे त्यांच्या बाजूने दाव्यात कोण उभं राहिलं? बॅप्टिस्ट चर्चची एक मोठी संघटना आणि कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा शीख गुरुद्वारा. २४ फेब्रुवारीला न्यायाधीश थिओडोर चुआंग यांनी या तिघांच्या प्रार्थनास्थळांपुरती नव्या धोरणाला स्थगिती दिली. वॉरंट घेऊन अटक करायला त्यांच्या आदेशानेही मनाई केलेली नाही. म्हणजे लपवाछपवीची मुभा कुणी मागितली नव्हती आणि कुणाला मिळालीही नाही. मागणं एवढंच होतं की हत्यारबंद माणसं प्रार्थनेत शिरतील या भीतीने लोक यायचे थांबू नयेत.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी हा एक आदेश वाचला तरी अर्धा मेसेज खोडावा लागेल. चर्च-मशिदींच्या टोळीत गुरुद्वारा कुठून आला? आला, कारण धोरण बदलल्यानंतरच्या पहिल्याच दिवसांत अधिकारी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी भागातल्या गुरुद्वाऱ्यांपर्यंत पोचले होते, आणि शीखांच्या साल्डेफ या संस्थेने त्यावर जाहीर चिंता व्यक्त केली होती. लंगरला बसलेल्या माणसाला कुणी कागद विचारत नाही, ही त्या जागेची रीतच आहे.

आता जे मान्य करायला हवं ते करते. अशाच दुसऱ्या दाव्यात, ज्यात ख्रिस्ती आणि ज्यू मिळून सत्तावीस संस्था होत्या, वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी एप्रिल २०२५ मध्ये स्थगिती नाकारली. जाणूनबुजून बेकायदा माणसाला लपवणं हा इथे गुन्हा आहे, हेही खरं. १९८२ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालातल्या कत्तलींतून पळून आलेल्यांना उघडपणे आसरा दिला, तेव्हा सरकारने खटला भरला आणि १९८६ मध्ये पाद्री जॉन फाइफ यांच्यासह आठ जण दोषी ठरले. पण गोष्ट तिथे संपत नाही. चर्चनी उलट सरकारवर दावा लावला. त्या दोन देशांच्या लोकांचे आश्रयाचे अर्ज राजकीय सोयीने सरसकट फेटाळले जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९१ मध्ये सरकारने तडजोड केली आणि लाखाहून जास्त लोकांचे अर्ज नव्याने ऐकायचं कबूल केलं. ‘लोकशाहीचा मुखवटा’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. चर्चवाले कोर्टाला घाबरून पळाले नाहीत, कोर्टातच गेले.

‘गुन्हेगार’ या शब्दावर मात्र माझा संयम सुटतो. सरकारच्याच आकडेवारीवरून ट्रॅक ही अभ्याससंस्था नियमित हिशेब मांडते. २०२५ च्या उत्तरार्धात स्थलांतरितांच्या कोठडीतल्या सुमारे ७० टक्के लोकांना कुठल्याही गुन्ह्याची शिक्षा झालेली नव्हती. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणं हा इथे दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, फौजदारी गुन्हा नव्हे. आणि मी ज्यांच्याबरोबर जाते ती माणसं लपलेली नसतातच. सरकारने दिलेल्या तारखेला, सरकारच्या इमारतीत, स्वतःच्या पायांनी आलेली असतात. लपायचं असतं तर कोर्टात कशाला आली असती?

आमचं काम काय, ते सांगते. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. ज्याला परवडत नाही तो एकटा उभा राहतो. आम्ही दोघं-तिघं त्याच्याबरोबर जातो, बाकावर बसतो. सल्ला देत नाही, तो अधिकार आम्हाला नाही. त्याचा ए-नंबर, म्हणजे सरकारने त्याच्या फाइलला दिलेला नऊ आकडी नंबर, आणि घरच्यांचा फोन लिहून घेतो, कारण माणूस उचलला गेला तर त्याला शोधायला तो नंबरच लागतो. आमच्या गटातले ग्रीन कार्डवाले इमारतीत येत नाहीत, ते फोन सांभाळतात. मावशीच्या भीतीत तेवढं तथ्य आहे, आणि आम्ही ती काळजी घेतो.

मागच्या महिन्यात मी, एक निवृत्त प्रेस्बिटेरियन शिक्षिका आणि मशिदीकडून येणारा एक फार्मसिस्ट असे तिघं होतो. आमच्याबरोबर हरियाणातल्या कैथलकडचा एक पोरगा, बावीस-तेवीसचा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ए-नंबर पेनने मनगटावर लिहिलेला. सरकारी वकिलाने केस रद्द करायची मागणी केली. पोरगा माझ्याकडे वळून हसला, "दीदी, केस खतम हो रहा है, अच्छा हुआ ना?" मला काही बोलता येईना. केस रद्द झाली की न्यायाधीशासमोरची सुनावणीच संपते, आणि दारापाशी उभे असलेले अधिकारी त्याला झटपट परत पाठवायच्या प्रक्रियेत टाकू शकतात. मे २०२५ पासून देशभरच्या कोर्टांत हे चाललंय. न्यायाधीशांनी त्याला उत्तर द्यायला दहा दिवस दिले. बाहेर पॅसेजमध्ये तोंड झाकलेले चौघे हातातली यादी बघत उभे होते. पोराला आम्ही मध्ये घेऊन लिफ्टपर्यंत चाललो. त्या दिवशी त्यांनी त्याला सोडलं. आमच्या पुढे चालणाऱ्या एका माणसाला धरलं. त्याचा फोन फरशीवर पडला आणि तो वळून स्वतःचा नंबर ओरडून सांगत राहिला. आमच्या शिक्षिकाबाईंनी तो नंबर हातावर लिहिला. ‘गुन्हेगार लपवणे’ या नावाखाली आम्ही हे करतो.

सॅन डिएगोचे बिशप मायकेल फाम इतर धर्मांच्या लोकांना घेऊन जून २०२५ मध्ये अशाच एका कोर्टात जाऊन बसले. ते स्वतः व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेले. देशाला आपल्या सीमा राखायचा हक्क आहे, हे अमेरिकेतले कॅथलिक बिशप नाकारत नाहीत. नोव्हेंबरमधल्या त्यांच्या निवेदनातही ते म्हटलंय, आणि त्याच निवेदनात सरसकट हद्दपारीला विरोध आहे. बाजूने २१६ मतं, विरोधात ५.

पैशांचं आणि धर्मांतराचं. चर्चच्या काही संस्थांना सरकारी पैसा मिळायचा, हे बरोबर. तो १९८० च्या निर्वासित कायद्याखाली, सरकारनेच तपासून आणलेल्या निर्वासितांना वसवायला. घर शोधणं, पोरांना शाळेत घालणं, दम्याचा पंप मिळवून देणं. या योजनेतून आलेला एक मोठा गट कोणता, माहीत आहे? भूतानने हाकललेले नेपाळी भाषक. त्यांत बहुसंख्य हिंदू. २००८ पासून ऐंशी हजारांहून जास्त. त्यांना वसवणाऱ्यांत कॅथलिक होते, लुथरन होते, ज्यूंची १८८१ पासूनची हायस ही संस्था होती. आणि २०२५ मध्ये त्यांच्यातल्याच काहींना परत भूतानला पाठवलं गेलं, ज्या देशाने त्यांना आधीच हाकललं होतं.

राहिलं ते ठळक अक्षरांतलं वाक्य, आपला काय संबंध.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्कराचं विमान बेड्या घातलेले १०४ भारतीय घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. पण ते बेकायदा गेलेले, आपण कायदेशीर, असं लगेच म्हणाल. मग कायदेशीर लोकांचंच सांगते. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड गोरे नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्वाला अपात्र ठरवलं. अमेरिकी सैन्यात राहिलेला माणूस. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकाल लागताच सरकार आधी रीतसर नागरिक झालेल्या भारतीयांच्या मागे लागलं, खुद्द पंडितांच्याही. १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले, पण बऱ्याच जणांचं नागरिकत्व गेलं. कागद सगळ्यांचेच पक्के होते.

जुनं झालं म्हणता? प्रार्थनास्थळांचं धोरण रद्द झालं त्याच २० जानेवारीला आणखी एक आदेश निघाला. आई तात्पुरत्या व्हिसावर, आणि वडील नागरिक नाहीत की ग्रीन कार्डवाले नाहीत, तर इथे जन्मलेलं बाळ नागरिक धरायचं नाही. तात्पुरत्या व्हिसात एच-वन-बी येतो. पुण्या-नाशिकहून आलेली, कर भरणारी, कायदेशीर जोडपी येतात. तो आदेश अमलात यायच्या आधीच कोर्टांनी अडवला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजलेल्या त्यातल्या एका खटल्यात सरकारविरुद्ध ‘कासा’ नावाची संघटना होती. ही कासा १९८५ मध्ये मेरीलँडच्या टाकोमा पार्कमध्ये सुरू झाली, मध्य अमेरिकेतून पळून आलेल्यांना मदत करायला, एका प्रेस्बिटेरियन चर्चच्या तळघरात. आपल्या इंजिनिअरांच्या बाळांसाठी ती कोर्टात उभी राहिली. ‘संबंध नाही’ हे तिथे जाऊन सांगा.

अमेरिकेच्या घटनेत कायद्याची रीतसर प्रक्रिया ‘नागरिकाला’ नव्हे तर ‘व्यक्तीला’ दिलेली आहे. १८८६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने चिनी धोबी यिक वो यांच्या खटल्यात घटनेतलं संरक्षण परदेशी माणसालाही आहे, असं म्हटलं. बाकावर बसून आम्ही एवढंच राखतो.

हे सगळं मावशीला फोनवर वाचून दाखवलं. थिंडचं तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "आणि त्या कैथलच्या पोराचं काय झालं गं?" त्याला आता एक वकीलबाई मिळाल्यात, फी न घेणाऱ्या. पुढची तारीख मंगळवारी सकाळी साडेआठची आहे, मी जाणार आहे. मावशीने भिशीच्या ग्रुपवर हे टाकायचं कबूल केलंय.