पोरांना मोबाईल येतो म्हणजे नेमकं काय येतं?

परवा फॅमिली ग्रुपवर दाजींचा व्हॉइस मेसेज आला. भाच्याच्या शाळेत पालकसभा झाली, त्यात म्हणे ठरायलंय की नववीचा कॉम्प्युटरचा तास गणिताला द्यायचा. "पोरांना मोबाईल जन्मापासून येतो, त्यात शिकवायचं काय?" खाली लगेच पाच जणांचे अंगठे. मला रात्री झोपच लागेना.

येतो म्हणजे काय येतं, दाजी? मागच्या उन्हाळ्यात बाबांना मेसेज आला, बिल भरलं नाही, आज रात्री लाईट कट होणार, या नंबरवर फोन करा. बाबांनी केला, समोरच्यानं एक ॲप टाकायला सांगितलं, आणि ते टाकून दिलं याच भाच्यानं, दोन मिनिटांत, येईल त्या परवानगीला ओके ओके करत. 18 हजार गेले. त्याच्यावर माझा राग नाही. स्क्रीन शेअर झाली की ओटीपी पण समोरच्याला दिसतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करायचा असतो हे घरात एकालाही माहीत नव्हतं.

इथं इंग्लंडात लेस्टरला माझी पोरगी इयर एटला, म्हणजे साधारण आपल्या सातवीला आहे. 2014 ला इथं आयसीटी, म्हणजे कॉम्प्युटर वापरायला शिकवणारा विषय, जाऊन कम्प्युटिंग आलं, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं वगैरे करतात ते ठीक, पण मागे मी आपल्या सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव भरल्याचा फोटो ग्रुपवर टाकला तर तिनं मिनिटभर शोधलं आणि म्हणाली, पप्पा हा जुना आहे. मला फोटो बघून इतकं भरून आलं होतं की तारीख बघायचं सुचलंच नाही.

आता म्हणाल, तुमचं इंग्लंड वेगळं. अहो, माढ्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले, 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज आपल्या जिल्ह्यात आलं, तेव्हा तुम्हीच स्टेटस ठेवलेलं ना?

माझ्या वेळी शाळेतली कॉम्प्युटर रूम कुलपात असायची. चपला बाहेर, कॉम्प्युटरवर कव्हर, माऊस सरांच्या हातात आणि आम्ही सहा जण मागून बघायलोय. पुढं बाबांनी पैसे भरून एमएस-सीआयटीला घातलं, तिथून सुरू झालं ते इथवर आलो. आणि त्याच बाबांना मी दर रविवारी फक्त जेवलात का, गोळ्या घेतल्या का एवढंच विचारत राहिलो. त्या दिवशी त्यांनी आधी मलाच फोन लावला होता. मी शिफ्टवर होतो, उचलला नाही. आता ते फोनच हातात घेत नाहीत, आईच्या नंबरवर करावा लागतो.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला येतोय. दाजी, तोवर तो तास जाऊ देऊ नका, सरांशी बोलून ठेवा, आल्यावर नववीचे दोन तास मी घेतो. पहिला त्या लाईट बिलाच्या मेसेजवरच.